दहा सेकंदांचं माप

२१ जानेवारी

वही ऑफिसची आहे. पंचनाम्यासाठी कोऱ्या वह्या येतात त्यातली एक, कोपरा दुमडलेली, तशीही कुणी वापरली नसती. वजनमापे निरीक्षकाच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत एवढं चालतं.

आज हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी पोहायला परवानगी दिली. स्टेंट बसवून साडेतीन महिने झाले. अटी अशा: आठ आठवडे रोज चाळीस मिनिटं पोहायचं, नाडी मिनिटाला एकशेवीसच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि रोजचा सगळ्यात वरचा आकडा लिहून ठेवायचा. २४ मार्चला तो कागद बघून त्या ठरवणार, मला तलाव ओलांडू द्यायचा की नाही.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तलाव ओलांडायचा असतो, या काठावरून त्या काठावर, दोन किलोमीटर. मी सलग सव्वीस वर्षं ओलांडलाय. ही म्हणते, "एवढं काय ठेवलंय हो त्या पाण्यात?" खरं सांगायचं तर मी एकदाही पहिल्या पन्नासात आलेलो नाही. पण ज्यांना दम लागतो त्यांना मधूनच होडीत उचलून घेतात, आणि मी सव्वीस वर्षांत एकदाही होडीत बसून आलेलो नाही. मे महिन्यात नोकरी संपते. नोकरीतून वय काढतंय, त्याला इलाज नाही. पाण्यातून मला कुणी काढलेलं चालणार नाही.

२३ जानेवारी

लेकीने घड्याळ पाठवलं. मनगटाला बांधायचं, खालच्या बाजूला हिरवा दिवा, तो कातडीतून रक्ताकडे बघून नाडी सांगतो म्हणे. फोनवर म्हणाली, "बाबा, पाण्यातसुद्धा चालतं. आता तू कुणाचं ऐकू नकोस, ह्याचं ऐक."

तपासल्याशिवाय मी आजवर कुणाच्या काट्यावर विश्वास ठेवलेला नाही, लेकीने दिला म्हणून काय झालं? तरणतलावात चार फेऱ्या मारल्या. पहिलीला ८८. दुसरीला १७१. तिसरीला नुसती आडवी रेघ, म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने मी गेलेलो. चौथीला परत ९०. पट्टा आवळून पाहिला, तेच. मध्ये पाणी शिरतं, हात सारखा हलतो, त्यात तो बिचारा दिवा तरी काय बघणार. असा काटा बाजारात सापडला असता तर जागच्या जागी जप्त केला असता. घड्याळ कपाटात ठेवलं आणि लेकीला 'उत्तम चालतंय' असं कळवलं.

२५ जानेवारी

जुनी पद्धतच बरी. भिंतीला हात लागला की दोन बोटं मानेवर, दहा सेकंद ठोके मोजायचे, सहाने गुणायचं. वीस ठोके म्हणजे एकशेवीस. वीसपर्यंत पास, एकविसाव्याला नापास.

अडचण एकच. चष्मा काढला की समोरच्या भिंतीवरचं मोठं घड्याळ मला पांढऱ्या डागासारखं दिसतं. वेळ सांगायला दुसरं माणूस लागतं. हिने परस्पर आपल्या भावोजींना सांगूनही टाकलं. हिच्या ताईचे यजमान, म्हणजे माझे थोरले साडू. तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात, ताईसुद्धा. गुडघा गेल्यापासून पाण्यात उतरत नाहीत. काठावर घडीचं स्टूल टाकून बसतात, गळ्यात चावीचं स्टॉपवॉच, मांडीवर छोटी वही. आम्ही दोघं एकाच घरचे जावई. कुणाचा मान मोठा यावरून रुसण्याचं वय केव्हाच उलटून गेलंय. मास्तर मला इन्स्पेक्टर म्हणतात. फार बोलत नाहीत, पण "सुरू!" आणि "थांबा!" असे ओरडतात की बाकीचे पोहणारेसुद्धा दचकून थांबतात. आज एक बाई मध्येच उभ्या राहिल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या.

आजचे आकडे सतरा, अठरा, अठरा. झकास.

३० जानेवारी

फेऱ्या वाढवल्या. दहाव्या फेरीला भिंतीला टेकलो तेव्हा कानात धडधड ऐकू येत होती. गॉगलमध्ये पाणी शिरलं होतं. तो काढला, पुसला, परत लावला. मग मानेवर बोटं ठेवली आणि मान हलवली. मास्तर म्हणाले, "सुरू!" एकोणीस.

गॉगलमध्ये खरंच पाणी शिरलं होतं.

४ फेब्रुवारी

दुपारी एका लोखंडवाल्याच्या दुकानावर तपासणी. गिऱ्हाइकांची तक्रार होती की खिळे कमी भरतात. काटा तपासला, बिनचूक. वजनांवर शिक्के, तेही खरे. दुकानदार हात जोडून म्हणतो, "साहेब, काट्यात खोट दाखवा, दुकान बंद करतो." मी म्हटलं, एक किलो खिळे द्या बघू. त्याने खिळे ताटलीत वरून टाकले, काटा उसळला, आणि तो खाली बसायच्या आत "घ्या, एक किलो!" म्हणून ताटली उचललीसुद्धा. काटा खरा, माणूस खोटा. मोजायची वेळ कोणती धरायची हे ज्याच्या हातात, माप त्याच्याच हातात. नव्या निरीक्षकांना मी हे पहिल्या दिवशी सांगतो. आमच्याकडे गेल्या वर्षी एक मुलगी रुजू झाली आहे, आम्ही तिला धाकटी निरीक्षक म्हणतो. तिने हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. बरं वाटलं.

संध्याकाळी अठरा, एकोणीस, अठरा. गॉगल मात्र फार त्रास देतोय, आता दर वेळी पुसावा लागतो. नवा घ्यायला हवा.

११ फेब्रुवारी

तीन आठवडे पूर्ण, एकदाही वीसच्या वर नाही. मास्तरांना म्हटलं, "काय मास्तर, सत्ताविसावं नक्की ना?" ते स्टूल आवरत होते. म्हणाले, "गॉगल नवा घ्या इन्स्पेक्टर." लक्ष असतं त्यांचं.

आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर सूचनाफलक आहे. गुरुवारी पाणी उशिरा येईल, गाड्या आडव्या लावू नयेत, जिन्यात कपडे वाळत घालू नयेत. माणसाने आपल्या इमारतीत काय चाललंय ते बघितलं पाहिजे. मी रोज थांबून वाचतो. आता पाठ झालंय.

१७ फेब्रुवारी

बावीस.

बावीस सक म्हणजे एकशे बत्तीस. नेहमीचीच दहावी फेरी, नेहमीचाच वेग, गॉगलही नीट पुसला होता. मास्तरांना म्हटलं, पुन्हा घ्या. दोन फेऱ्यांनी पुन्हा घेतलं. एकवीस. मास्तरांनी वहीत लिहिलं. त्यांचा तो न बोलणारा चेहरा मला आज पहिल्यांदाच आवडला नाही.

२० फेब्रुवारी

बावीस, बावीस, एकवीस. काल तेवीस. हळू पोहून बघितलं तरी एकवीस.

भीती वाटली, हे इथे लिहायला हरकत नाही. ऑपरेशनच्या टेबलावर वाटली नव्हती इतकी वाटली. जेवताना हिला सांगितलं. मला वाटलं ही घाबरेल, डॉक्टरांना फोन लाव म्हणेल. ही शांतपणे म्हणाली, "मग सोडा की यंदा तलाव." जसं काही उत्तर आधीच चुलीवर ठेवून तयार होतं.

२२ फेब्रुवारी

सकाळी दाढी करत होतो. ही स्वयंपाकघरातून ताईशी फोनवर बोलत होती. नळ बंद केला तेव्हा एवढंच ऐकू आलं: "भावोजींना म्हणावं जरा बेताने. ह्यांच्या लक्षात येईल. जन्मभर हेच तर केलंय त्यांनी."

अर्धी दाढी तशीच ठेवून मी आरशासमोर उभा राहिलो. माझ्या नाडीत काही झालेलं नाही. मापात पाप आहे.

२५ फेब्रुवारी

आधी काटा तपासायचा, मग माणूस. मास्तरांना म्हटलं, तुमच्या स्टॉपवॉचची चावी अडकते, ऑफिसातून तेल घालून आणतो. त्यांनी गळ्यातून काढून लगेच हातात दिलं. प्रयोगशाळेत प्रमाण घड्याळासमोर दोन तास लावलं. दोन तासांत अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही. चाळीस वर्षांचं घड्याळ, आणि इतकं खरं!

म्हणजे काटा खरा. परत देताना म्हटलं, "उत्तम आहे." मास्तर म्हणाले, "माहीत आहे."

२८ फेब्रुवारी

आमच्या खात्यात एक पद्धत आहे. दुकानदाराचा संशय आला की स्वतः जायचं नाही, कारण निरीक्षकाला बघून सगळेच धुतल्या तांदळासारखे होतात. साधं गिऱ्हाईक बनवून कुणाला तरी पाठवायचं. त्याला आम्ही खोटं गिऱ्हाईक म्हणतो. खोटं गिऱ्हाईक कधी खोटं बोलत नाही.

मी धाकट्या निरीक्षकाला पाठवलं. तरणतलावाच्या बाकावर पुस्तक घेऊन बस, पुस्तकात फोन धर, "सुरू" पासून "थांबा" पर्यंत किती वेळ जातो ते मोज, एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "सर, ते तुमचे नातेवाईक ना?" मी म्हटलं, तपासणीत नातं नसतं.

सहा वेळा मोजलं तिने. बारा सेकंद. बारा. साडेबारा. बारा. साडेबारा. बारा.

दहा सेकंद म्हणून मला बारा सेकंदांचे ठोके मोजायला लावले. बारा दिवस. मी पाण्यात आंधळा, चष्म्याशिवाय, त्यांच्या आवाजाच्या भरवशावर मान धरून उभा, आणि वर साडू काटा मारतायत. केसाने गळा कापला माझा. लोखंडवाला बरा, तो निदान परका होता.

जाताना मुलीने विचारलं, "सर, वेळ 'सुरू' पासूनच धरायची होती ना? भिंतीला हात लागल्यापासून नाही?"

"सुरूपासूनच," मी म्हटलं. नवीन आहे, शिकेल.

१ मार्च

सोक्षमोक्ष लावला. पाण्यात उतरलोच नाही. कपड्यांनिशी काठावर गेलो आणि मुलीने लिहून दिलेला कागद मास्तरांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी चष्मा वर सरकवून वाचला. "बरोबर मोजलंय," म्हणाले. "कोण होतं? ती पुस्तकवाली? एका तासात तिने एक पान उलटलं नाही."

"म्हणजे कबूल आहे तुम्हाला?"

"कबूल काय, समोर लिहिलंय."

"का केलंत?"

मास्तरांनी कागदाची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. मग म्हणाले, "इन्स्पेक्टर, तुम्ही मला विचारायचं होतंत. तोंडावर विचारलं असतंत तर तोंडावर सांगितलं असतं. मागे गिऱ्हाईक लावायला मी काय खिळे विकत होतो?"

"आणि तुम्ही मला विचारलं होतंत?"

"मी काय विचारणार? गॉगल पुसून झाला का, एवढंच विचारायचं राहिलं होतं."

पकडला गेलेला माणूस असाच विषय बदलतो, मी रोज बघतो. मास्तर उठले, स्टॉपवॉच खिशात टाकलं, आणि भिंतीला धरत धरत गेले. स्टूल तिथेच राहिलं. मी ते उचलून कपडे बदलायच्या खोलीत ठेवलं. राग आपल्या जागी, पण वस्तू हरवायला नको.

घरी आल्यावर हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"सतरा तारखेपासून. ताई, भावोजी आणि मी, तिघांनी मिळून ठरवलं."

"लेकीला?"

"तिलाही."

सगळं घर एका बाजूला. मी म्हटलं, घरभेदे आहात सगळे, माझ्याच ताटात जेवून माझ्याच काट्याखाली मेण लावता. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "दुसऱ्या मजल्यावर रोज काय वाचता हो तुम्ही?"

"सूचना."

"मी इथे दाराशी उभी असते. बावीस पायऱ्या तुमची पावलं ऐकू येतात. मग थांबतात. पूर्वी अर्धा मिनिट थांबायची. हल्ली मी कणीक भिजवून हात धुऊन येते तरी तुमच्या सूचना संपलेल्या नसतात."

या बायकांना कशाचा कशाशी संबंध लावायचा ते बरोबर जमतं. मी न जेवता झोपलो.

५ मार्च

आता वेळ धाकटी निरीक्षक सांगते. ऑफिस सुटल्यावर पाऊण तास थांबते, मी तिला तसं विचारलं, तीही नाही म्हणाली नाही. बरोबर दहा सेकंद, एक क्षण इकडे नाही की तिकडे नाही. एकोणीस, अठरा, एकोणीस. माझं हृदय ठणठणीत आहे. मास्तरांच्या त्या बारा दिवसांचे आकडे मी कागदावरून खोडले आणि बाजूला लिहिलं: सदोष माप, रद्द.

घरात बोलणं कामापुरतं. मीठ द्या, दार लावा.

९ मार्च

अठरा, अठरा, एकोणीस.

ताईंचा फोन आला होता, हिने घेतला. मास्तर संध्याकाळी घरीच असतात. स्टॉपवॉच कपाटात ठेवलंय, चावी देत नाहीत. मी काही विचारलं नव्हतं, तरी हिने मुद्दाम मोठ्याने सांगितलं.

आज फलकावर नवीन काहीच नव्हतं.

१२ मार्च

एक गोष्ट मनातून जात नाही. मास्तरांना बोलून काय फायदा झाला? आकडे चांगले आहेत, पण मास्तरांच्या तोंडावर मारावा असा पुरावा नाही. ते म्हणतील, मुलगी तुमच्या हाताखालची. म्हणून छातीचा पट्टा मागवलाय. मनगटावरच्या घड्याळासारखा हा दिव्याने बघत नाही; छातीला घट्ट बांधायचा, आणि तो हृदयाचे ठोकेच टिपतो. पाण्यातून त्याचा आवाज बाहेर येत नाही, म्हणून पोहत असताना मुका राहतो. सगळं पोटात ठेवतो आणि बाहेर आल्यावर फोनला सांगतो. असा साक्षीदार हवा. मध्ये कुणाचं तोंड नाही, कुणाचा हात नाही.

१५ मार्च

पट्टा आला. भिंतीला लाथ मारून निघताना खाली घसरतो, म्हणून एक घर आवळून बांधला. सोबत मुलगी वेळ सांगत होतीच. तिच्या वेळेवर माझे आकडे: अठरा, एकोणीस, अठरा. म्हणजे सगळ्यात जास्त एकशे चौदा.

बाहेर येऊन फोन जवळ धरला. पट्ट्याने सांगितलं: एकशे चौतीस.

पट्टा सदोष.

१७ मार्च

पट्टा सदोष नाही. आज ऑफिसात खुर्चीवर बसून तपासला. एका हाताने मानेवर मोजलं, समोर प्रमाण घड्याळ, पूर्ण मिनिट, पाच वेळा. पाचही वेळा पट्टा आणि बोटं यांत एका ठोक्याचाही फरक नाही. जिना चढून येऊन तपासला, तरी नाही. मग पाण्यातच बिघडत असेल म्हणून संध्याकाळी पुन्हा बांधला. एकशे तेहतीस. मोजून मी एकोणीसच सांगितले होते.

१८ मार्च

लेकीला फोन करून विचारलं, पट्ट्यातलं सगळं चित्र कसं बघायचं. तिने सांगितलं. कशाला हवंय, असं तिने विचारलं नाही.

फोनच्या पडद्यावर पूर्ण चाळीस मिनिटांची रेघ आली. रेघ वर चढते, चढते, एकशे तेहतीसला टेकते, आणि भिंतीपाशी एकदम खाली येते. पुन्हा चढते, पुन्हा भिंत, पुन्हा उतार. दर भिंतीपाशी एक उतार, वीस-वीस सेकंदांचा. त्याच्या पायथ्याशी थोडी सपाट जागा, तिथे एकशे बारा, एकशे चौदा.

त्या सपाट जागेवर मी मोजत होतो.

वीस सेकंद मी काय करत होतो, हे मला कुणी सांगायला नको. नवा गॉगल मी अजून घेतलेला नाही.

१९ मार्च

झोप नीट लागली नाही. सकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. उताराच्या पायथ्याशी नाडी एकशे बारा. तीच दहा सेकंद मोजली तर एकोणीस. बारा सेकंद मोजली तर बावीस. बावीस सक एकशे बत्तीस.

एकशे बत्तीस. रद्द म्हणून लिहिलेल्या आकड्यांत तोच आहे, सतरा फेब्रुवारीपासून जवळजवळ रोज.

मास्तरांनी तीस वर्षं पोरांना मैदानावर पळवून त्यांच्या नाड्या मोजल्या. वीस सेकंद दम खाल्ला की नाडी किती उतरते हे त्यांना पट्ट्याशिवाय ठाऊक होतं. मी जेवढं काढत होतो, तेवढं ते गुपचूप परत घालत होते. आमच्या दोघांच्या लबाडीतून कागदावर रोज खरा आकडा उतरत होता, आणि मी तोच खोडून टाकला.

तरीही राग आहे. का नाही तोंडावर म्हणाले, इन्स्पेक्टर, तुम्ही चोरी करताय? चारचौघांत म्हणाले असते तरी चाललं असतं. मला लाज वाटू नये म्हणून मला फसवलं, हे कसलं प्रेम! आणि ज्याच्यासाठी चौतीस वर्षं लोकांची दुकानं बंद केली, तो काटा माझ्याच छातीत होता आणि मी तो उसळायची नव्हे, बसायची वाट बघून वाचत होतो. लोखंडवाल्याच्या उलट. एवढाच काय तो माझ्यात आणि त्याच्यात फरक.

२४ मार्च

डॉक्टरीणबाईंसमोर कागद ठेवला. छान अक्षरात, रेघा आखून. जानेवारीपासून आजपर्यंत एकही आकडा वीसच्या वर नाही, मधले बारा दिवस खोडलेले. त्यांनी बोट फिरवत वाचलं. "वा," म्हणाल्या. "हे खोडलेलं काय?"

"मोजणाऱ्याची चूक," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. प्रमाणपत्र समोर होतं, नाव छापलेलं, फक्त सही राहिली होती. मला सत्ताविसावा तलाव समोर दिसत होता. सकाळचं थंड पाणी, पलीकडचा काठ, आणि दूर कुठेतरी ती होडी, तिच्यात मी नसलेला.

ही शेजारच्या खुर्चीत बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती. आपल्या हातांकडे बघत होती. मला फार एकटं वाटलं, आणि मग कळलं की ती किती दिवस अशी बसली असेल.

मी म्हटलं, "डॉक्टर, यात एक गोष्ट लिहिलेली नाही. मोजायच्या आधी मी वीस सेकंद गॉगल पुसतो."

त्यांना आधी समजलं नाही. मग मी फोनवरची रेघ दाखवली. त्यांनी पेनाला टोपण लावलं. जिन्यात दम लागतो का, विचारलं. मी नाही म्हणणार तेवढ्यात हिने सांगितलं, "बाविसाव्या पायरीला." पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासण्या. यंदा तलाव नाही. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू, असं त्या म्हणाल्या, म्हणजे डॉक्टर लोक जसं म्हणतात तसं.

३० मार्च

आज सगळे तलावावर. मी गेलो नाही. सकाळी नऊ वाजता, म्हणजे मी एरवी मधल्या खोल पाण्यात असतो तेव्हा, घडीचं स्टूल काखेत मारून मास्तरांकडे गेलो. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. मध्ये कुठे फलक नाही. कठडा धरून चढलो, सावकाश, पण थांबलो नाही.

दार ताईंनी उघडलं. मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या मागे जिन्याकडे बघितलं. "आज कुणाला पाठवलंय मागून?"

"कुणालाच नाही."

ते बसा म्हणाले नाहीत. मी स्टूल उघडून त्यांच्यासमोर मांडलं आणि बसलो. बोलायचं खूप ठरवून गेलो होतो. माझं चुकलं, असं म्हणायचं होतं, आणि तुमचंही चुकलं, असंही म्हणायचं होतं, आणि दोन्हींतलं आधी कोणतं यावर जिन्यात माझं स्वतःशीच भांडण झालं होतं. त्याऐवजी चष्मा काढून खिशात ठेवला. मास्तर समोर नुसते पांढऱ्या डागासारखे दिसू लागले.

"वेळ सांगा मास्तर," मी म्हटलं.

वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला, कपाट उघडल्याचा, आणि चावी दिल्याचा, कर्रर्र, कर्रर्र.

"आधी गॉगल पुसून घ्या," मास्तर म्हणाले.

"गॉगल आणलेला नाही."

मी मानेवर बोटं ठेवली. तीन मजल्यांची धडधड अजून तशीच होती.

"सुरू!" आत ताईंच्या हातातून काहीतरी पडलं. मी मोजत गेलो, एकही ठोका न गाळता. "थांबा!"

"चोवीस," मी म्हटलं.

मास्तरांनी वहीत लिहून घेतलं. दहा सेकंद होते की बारा, ते मी विचारलं नाही.